सरळ उभा माणूस

१

तिला वाटलं होतं, गल्लीशी भांडावं लागेल.

परदेशातून परतीच्या लांबलचक प्रवासात तिने मनातल्या मनात भाषणंच्या भाषणं रचून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी तासभर सगळ्यांनी घरातले दिवे मालवायचे, रस्त्यावरचाही दिवा बंद, आणि झाडून सगळ्यांनी दुर्बिणीतून आकाश बघायला आमच्या गच्चीवर यायचं, असं सांगितल्यावर लोक काय म्हणतील याची तिला पक्की कल्पना होती. चोर येतील म्हणतील. पोरांचा अभ्यास बुडेल म्हणतील. चार बुकं शिकून आली आणि डोक्यावर बसली म्हणतील. कुणाला काय उत्तर द्यायचं हे ठरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणाची ती जरा वाटच बघत होती. जिथे ती शिकली, तिथे टेकडीवरच्या दुर्बिणीपाशी बेकरीवाला आणि न्यायाधीश एकाच रांगेत उभे राहायचे. आकाश कुणाच्या बापाचं नाही, हे तिला आपल्या गल्लीलाही एकदा दाखवून द्यायचं होतं.

प्रत्यक्षात कुणी भांडलंच नाही.

"तासभर अंधार? बरं झालं बाई," समोरची शिंपीण म्हणाली. "तेवढा वेळ तरी ह्यांना माझं तोंड दिसायचं नाही. दुवा देतील तुला."

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने खुर्च्या कुणी आणायच्या एवढंच विचारलं. वायरमन खांबाला टेकून ऐकत होता. "ताई, हा दिवा आपणहून बंद पडतो तेव्हा तुम्ही सगळे मला शिव्या घालता," तो म्हणाला, "आणि आता मुद्दाम बंद करायला सांगताय. ठरलं. शनिवारचा अंधार माझ्याकडून."

भाषणं वाया गेली. तिला थोडी चुटपुट लागली, पण मनातून हायसंही वाटलं. कारण गल्लीला तिने सांगितली ती गोष्ट खरी असली, तरी तिच्यामागे आणखी एक गोष्ट होती.

तिचे बाबा घड्याळजी होते. दुकान आता दादा सांभाळायचा, कारण बाबांचे डोळे चालले होते. काचबिंदू. नजरेच्या कडा केव्हाच गेल्या होत्या; मध्ये एक वाटोळा झरोका उरला होता, आणि डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तोही फार दिवस टिकणार नाही. बाबांना शनीची कडी बघायची होती. चित्रातली नव्हे, खरी. पण आजूबाजूला नुसता एक दिवा असला, तरी त्यांच्या डोळ्यांपुढचं सगळं पांढरं धुऊन जायचं. म्हणून अंधार हवा होता.

"जन्मभर एका डोळ्याने भिंगात बघत आलो," बाबा म्हणायचे. "आता सगळं जगच भिंगाएवढं झालंय. मला सवय आहे गं. तू नको रडू."

"मी कुठे रडतेय?"

"दिसत नाही ना मला. म्हणून अंदाजाने म्हटलं."

२

दुर्बीण गच्चीवर मांडली, त्या दुपारची गोष्ट.

मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवलेली असते. छोटीतून तारा शोधायचा, मग मोठीतून बघायचा. त्यासाठी दोन्ही एकाच जागी रोखलेल्या हव्यात, आणि हे काम दिवसाउजेडी करून ठेवायचं असतं, दूरची एखादी न हलणारी वस्तू धरून. तिने मैदानापलीकडची जुनी कचेरी धरली. कचेरी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना पडदे नव्हते.

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ताऱ्याला वर-खाली नसतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. इतक्या वर्षांत हे तिच्या असं अंगवळणी पडलं होतं, की कचेरी डोक्यावर उभी आहे हे तिच्या मनातही आलं नाही. फोकसचं चाक फिरवत तिने आतली नळी सरकवली. लांबचं बघायचं तर ही नळी आत, जवळचं बघायचं तर बाहेर. बाहेर काढून काढून नळी शेवटी अडते, आणि त्याहून जवळचं दुर्बिणीला दिसत नाही. कचेरीसाठी नळी जवळजवळ पूर्ण आत गेली आणि खिडकी स्वच्छ दिसायला लागली.

खिडकीत एक माणूस उभा होता.

पांढरा सदरा, काळी विजार, पायात बूट. चेहरा चौकटीच्या आड गेलेला. बुटांशेजारी छताचा पंखा. माणूस अजिबात हलत नव्हता, आणि तिला तर न हलणारंच काहीतरी हवं होतं. तिने त्याच्या सदऱ्याच्या एका बटणावर मोठी दुर्बीण रोखली, छोटीचे स्क्रू पिळून तिच्या भिंगातली फुलीही त्याच बटणावर आणली, आणि खाली येऊन बाबांना सांगितलं, "आज एका सद्गृहस्थांनी फार मदत केली. पुतळ्यासारखे उभे राहिले बिचारे."

"आभार मानलेस का?" बाबांनी विचारलं.

"एवढ्या लांबून कसे मानणार?"

"हात हलवायचा."

३

दुसऱ्या दिवशी ती बाबांना आधार देत गच्चीवर घेऊन गेली. सराव म्हणून. वहिनी चहा घेऊन मागोमाग आली.

बाबांनी डावा डोळा मिटला, उजवा भिंगाला लावला. जन्मभर दुकानात करायचे तितक्याच सराईतपणे. दुर्बीण पाण्याच्या टाकीवर रोखलेली होती.

"अगं, टाकी उलटी टांगलीस की!" बाबा हसले. "पाणी सांडेल सगळं."

"दुर्बिणीत असंच दिसतं बाबा. आरसा उलटं करतो."

"सगळंच?"

"सगळंच. झाडं, घरं, माणसं."

"मग कालचा तुझा सद्गृहस्थ डोक्यावर उभा होता म्हण की," बाबा भिंगावरचा डोळा न काढता म्हणाले. "तासभर! कमाल आहे."

वहिनी खळखळून हसली. तीही हसली. मग तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं.

तो डोक्यावर उभा नव्हता. भिंगातही बूट खाली होते, सदरा वर होता. तो सरळ उभा होता.

आणि पंखा त्याच्या बुटांशेजारी होता.

दुर्बिणीत पंखा खाली दिसणं बरोबर होतं. माणसाचे पाय खाली असणंही बरोबरच, जगात कुठेही. म्हणून तर तिची नजर कशालाच अडखळली नव्हती. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक होत्या, पण माणूस छताला पाय टेकून उलटा उभा असल्याशिवाय एकत्र असूच शकत नव्हत्या.

"काय गं, चहा गार होतोय," वहिनी म्हणाली.

तिने दुर्बीण वळवली. खिडकी तिथेच होती. पंखा तिथेच होता. बाकी खोली रिकामी होती.

४

ती काही भित्री नव्हती. तिच्यापाशी कारणांची कमी नव्हती. शिंप्याकडचा कपड्यांचा पुतळा कुणीतरी छताच्या हुकाला उलटा अडकवला असेल. धुतलेले कपडे दांडीवर उलटे घातले असतील. सदरा तर उलटाच वाळत घालतात. आणि बूट? बूटही कुणी वाळत घातले असतील. ती स्वतःवरच चिडली. दूर देशी जाऊन आपण जे शिकलो ते हेच ना, की डोळ्यांनी काही दिसलं तर आधी जाऊन बघायचं?

म्हणून ती गेली.

कचेरीचा रखवालदार म्हातारा आणि बोलका होता. "वर काय बघायचंय? भाड्याने हवीय का खोली? घेऊन टाका. उंदीर फुकट."

वरच्या खोलीचं कुलूप त्याला बरीच खटपट करून उघडावं लागलं. आत पुतळा नव्हता, दांडी नव्हती, कपडे नव्हते. जमिनीवर धुळीचा जाड थर होता, न मोडलेला. त्यावर पहिली पावलं तिची उमटली.

खिडकीपाशी जाऊन तिने आपली गच्ची शोधली. लांब, चिमुकली. मग वर पाहिलं.

छताला कोळिष्टकं लोंबत होती. कोपऱ्यांतून, भिंतीलगत, पंख्याच्या पात्यांवरून, राखाडी आणि दाट. फक्त खिडकीच्या वरपासून एक पट्टा स्वच्छ होता. माणूस चालेल एवढ्या रुंदीचा. पंख्याला वळसा घालून तो दाराकडे गेला होता. दाराच्या वरच्या भिंतीवर, चौकटीपर्यंत, चुना थोडा घासलेला दिसत होता. रोजच्या पायांखाली उंबरा झिजतो तसा.

"झालं का बघून?" रखवालदाराने बाहेरून विचारलं. तो खोलीत आलाच नव्हता.

"तुम्ही आत येत नाही कधी?"

"काय ठेवलंय आत?" तो म्हणाला, आणि कुलूप लावताना किंचित वाकला. कुलूप त्याच्या छातीच्या उंचीवर होतं. वाकायचं काही कारण नव्हतं.

५

शनिवारची तयारी थांबवून चालणार नव्हतं. एक दिवा बंद होण्यासारखा नव्हता, कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा. तिथे रोगी असायचे. त्याचा उजेड गच्चीवर कितपत येतो, कुठे आडोसा लावावा, हे बघायला ती दिवेलागणीला वर गेली. दुर्बिणीला हात लावायचा नाही असं तिने ठरवलं होतं. मग वाटलं, हात लावायचा नसेल तर शनिवार कशाला करायचा? तिने दुर्बीण दवाखान्यावर रोखली.

कचेरीहून दवाखाना खूप जवळ. सगळं धूसर होतं. तिने चाक फिरवलं, नळी बाहेर आली, आणि बसायची मोठी खोली स्पष्ट झाली. जुनी, उंच छताची खोली. बाकांवर उलटे बसलेले लोक, एक उलटं रडणारं मूल, कपाटापाशी उलटी कंपाउंडरीण. सगळे वरून लोंबल्यासारखे. आणि खाली, दिव्यांच्या मध्ये, सरळ उभा पांढरा सदरा.

या वेळी चौकट आड येत नव्हती. पण त्याची पाठ होती. डोक्यावर विरळ केस, व्यवस्थित विंचरलेले. त्याचं डोकं बाकीच्यांच्या डोक्यांपर्यंत पोचत होतं, दोन रांगा समोरासमोर याव्यात तसं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. कंपाउंडरीण औषध घेऊन निघाली, त्याच्यापाशी आली, आणि चालता चालताच तिने मान खाली घातली. बुटक्या दारातून जाताना घालतो तशी. पुढे गेल्यावर मान वर केली. तिच्यामागून एक उंच माणूस आला, तोही तिथेच झुकला. बोलता बोलता, हसत हसत, नकळत.

तिने भिंगावरचा डोळा काढला. नुसत्या नजरेला दवाखान्याची खिडकी म्हणजे एक पिवळा चौकोन होता. त्यात माणसं येत-जात होती. आणि नीट बघितलं तर त्या चौकोनात, एका ठरावीक जागी, प्रत्येक जण जरासा वाकत होता.

पुन्हा डोळा लावला तेव्हा खोली तशीच होती, पण तो नव्हता. तिने दुर्बीण जराशी खाली वळवली आणि चाक फिरवून नळी आणखी बाहेर काढली. थोडी. आणखी थोडी. दवाखाना विरघळला आणि शिंपिणीच्या बाहेरच्या खोलीचा एक कोपरा त्या धूसरपणातून वर यायला लागला. चाकावरची तिची बोटं थांबली. पुढचं तिने बघितलं नाही. झाकण लावलं, तिपाई मिटली, दुर्बीण कडेवरच्या मुलासारखी उचलली आणि जिना उतरली.

६

घरात नेहमीची संध्याकाळ होती. दादा दुकानातून येऊन पाय पसरून बसला होता. वहिनी आतबाहेर करत होती. बाबा त्यांच्या खुर्चीत.

"काय शास्त्रीणबाई, आज लवकर दुकान बंद?" दादाने विचारलं. "ढग आले का?"

"हं," ती म्हणाली.

दुर्बीण ठेवायची तिची जागा मधल्या बोळात होती. तिपाई उभी केली तेव्हा नळीचं तोंड बोळातून थेट बैठकीच्या खोलीकडे झालं. ते तिने मुद्दाम केलं की नाही, हे नंतर तिला सांगता आलं नसतं.

वहिनी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. बैठकीच्या मध्यावर आली आणि वाकली.

किंचित नव्हे. चांगलीच वाकली. दवाखान्यापेक्षा आमच्या घराचं छत बरंच खाली आहे, एवढाच विचार तिच्या मनात आला, आणि तो इतका शांतपणे आला की तिलाच त्याची भीती वाटली.

"वहिनी, वाकलीस का?"

"कधी?"

"आत्ता."

"मी? कमरेत उसण भरलीय वाटतं माझ्या," वहिनी म्हणाली. "की तुझ्या डोळ्यांत?"

तिने झाकण काढलं. चाक फिरवलं. नळी बाहेर येत येत अडली. दुर्बिणीची सीमा संपली. भिंगात नुसता धुरळा होता. खालच्या बाजूला छतावरच्या दिव्याची पसरट लकाकी. वर, टांगल्यासारखा, काळपट डाग, म्हणजे बाबांची खुर्ची. आणि खालून, लकाकीच्या अगदी शेजारून, वर उठलेला एक पट्टा, खाली काळा, वर पांढरा. सरळ. त्याचं वरचं टोक बाबांच्या डागाला टेकायला आलं होतं. त्याच्याहून स्पष्ट काही दिसणं शक्यच नव्हतं. तो दुर्बिणीच्या हद्दीच्या अलीकडे आला होता.

पट्टा हलला. त्यातून एक बारीक फाटा फुटला आणि बाबांकडे गेला.

"अगं," बाबांचा आवाज आला, प्रसन्न, झोपाळलेला. "केस कशाला विस्कटतेस म्हाताऱ्याचे?"

ती बोळात होती. दादा भिंतीशी, वहिनी दाराशी. बाबांच्या खुर्चीजवळ कुणीही नव्हतं. आणि त्यांचे पांढरे केस मधोमध उभे राहिले होते.

बाबा कधीच वाकत नव्हते, हे तिला तेव्हा कळलं. बाकीच्यांना कडेकडेने काहीतरी जाणवत असेल. बाबांना कडाच नव्हत्या.

७

सकाळ लख्ख उजाडली. अशा सकाळी कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेता येते, आणि तिने तसा प्रयत्न करून पाहिला. थकलेले डोळे. प्रवासाचा शीण. बाबांच्या आजारपणाचा ताण. कारणं सगळी चांगली होती. तिने ती एकेक करून बाजूला ठेवली.

एकच विचार राहिला. कचेरी, दवाखाना, बहुधा शिंपिणीचीही खोली, मग आमची बैठक. तो जिथे जिथे होता, तिथे तिथे वर छत होतं. त्याला पाय ठेवायला छत लागत होतं. आणि अंधार केला, तर कोण कुठे वाकलं तेही कळणार नव्हतं.

बाबा उठून बसले होते. "काय सुरेख झोप लागली," ते म्हणाले. "रात्रभर कुणीतरी डोक्यावरून हात फिरवत होतं. तुझी आई फिरवायची तसा." मग केस सारखे करत, "हात गार होता. पण बरं वाटलं."

तिने दादाला बोलावलं. "बाबांची खाट वर न्यायची. आजपासून ते गच्चीवर झोपतील. मीही. तुम्ही दोघंही."

"डोकं ठिकाणावर आहे का? दव पडतं."

"पडू दे."

"पाऊस आला तर?"

"भिजू."

दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे वाद घातला नाही. खाली वायरमन शिडी घेऊन चालला होता. तिने खिडकीतून हाक मारली. "शनिवारी दिवा बंद करू नका. चालूच राहू दे. आणि गल्लीत सगळ्यांना सांगा, घरातले सगळे दिवे लावून ठेवा आणि सगळ्यांनी वर या. पोराबाळांना घेऊन. घरात मागे कुणी राहायचं नाही."

"आणि आकाश? एवढ्या उजेडात दिसणार काय?"

"जे दिसेल ते."

बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "मग मला कडी दिसायची नाहीत," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस, अंधार करणार."

"म्हणाले होते मी, बाबा."

"असं करू. मी डोक्यावरून काळं कापड घेतो. जुने फोटोवाले घ्यायचे तसं. तेवढ्यापुरता अंधार होईल की नाही?"

साधा, चांगला उपाय होता. तिलाच सुचायला हवा होता. तिने त्यांच्या डोक्यावर ताणलेलं कापड डोळ्यांपुढे आणलं, त्याखालचा छोटासा अंधार, आणि त्या कापडाची आतली बाजू.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यावर काहीही नको."

बाबांनी पांघरुणाची घडी घालायला घेतली. का, असं त्यांनी विचारलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

दादाने खाटेचं एक टोक उचललं, तिने दुसरं. बैठकीतून जाताना खोलीच्या मध्यावर दादाने मान खाली घातली. त्याच्यामागून ती आली. मान ताठ ठेवायची असं तिने उंबऱ्यापासूनच ठरवलं होतं, दात आवळून ठरवलं होतं. तिथे पोचल्यावर तिची मान आपोआप खाली गेली.

गच्चीवर खाट टेकवून ती कठड्याशी उभी राहिली. दुर्बीण तिने आणली नव्हती. डोकं मागे टाकून तिने वर पाहिलं. इतकी वर्षं त्या आकाशात तिने काही ना काही शोधलं होतं. आज ती बराच वेळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तिथे काहीही नाही ना एवढंच बघत राहिली. मग बाबांना आणायला खाली गेली.